कुंडलिकेवर राफ्टिंग : पोहता न येणारे, ज्येष्ठ आणि लहान असा एकत्र गट असताना नियोजन कसे करावे?

कोथरूडकर यांचा प्रश्न

नमस्कार. संक्रांतीनंतरच्या एखाद्या शनिवार-रविवारी कोलाडला जाऊन कुंडलिका नदीवर राफ्टिंग करावे, असा आमच्या घरात बेत घाटतो आहे. आम्ही नऊ जण आहोत. मी आणि यजमान, दोन दीर, जाऊबाई, नणंद, यजमानांच्या कार्यालयातील एक स्नेही, माझ्या सासूबाई (वय ६३) आणि आमचा मुलगा (वय १२). यांपैकी जाऊबाईंना आणि मला पोहता येत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण एरवी प्रकृती चांगली आहे आणि उत्साह तर आमच्यापेक्षा जास्त आहे. धाकट्या दिरांना राफ्टऐवजी एकट्याची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घेऊन खळाळत्या पाण्यात उतरायचे आहे, कारण त्यांनी तशा चित्रफिती पुष्कळ पाहिल्या आहेत.

माझे प्रश्न साधे आहेत. जानेवारी महिना योग्य आहे का, की पावसाळ्यातच जाण्यात अर्थ आहे? पुण्याहून पहाटे निघून त्याच दिवशी परतणे शक्य आहे का? पोहता न येणाऱ्यांनी राफ्टमध्ये बसावे का? सासूबाई आणि मुलगा यांचे काय करावे? आणि मुख्य म्हणजे, फोनवर सगळेच आयोजक गोड बोलतात, तेव्हा चांगला आयोजक ओळखायचा कसा? ज्यांनी ही नदी स्वतः पाहिली आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

वल्हेकरी यांचे उत्तर

ताई, गेली अकरा वर्षे मी या नदीवर हौशी म्हणून येतो-जातो. तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचे सगळे नियोजन तिच्यावरच उभे आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आपण ज्या पाण्यावर राफ्ट चालवतो, ते पाणी कुंडलिकेचे स्वतःचे जवळजवळ नसतेच. ते मुळशीचे पाणी आहे. मुळा नदी खरी पूर्वेकडे वाहणारी. तिचे पाणी पुढे भीमेत आणि कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराला जायचे. मुळशीला धरण बांधून ते अडवले गेले आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात आणले गेले. टाटांचे हे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. वीज करून झाल्यावर जे पाणी बाहेर पडते ते कुंडलिकेत येते आणि कोलाड, रोहा असे करत रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. ज्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, त्याच धरणाचे हे पाणी आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे येताना तो जलाशय तुमच्या शेजारून बराच वेळ चालत राहील. तेव्हा मुलाला हे जरूर सांगा.

आता याचा तुमच्या सहलीशी संबंध असा की, नदीला पाणी केव्हा येणार हे पाऊस किंवा ऋतू ठरवत नाही, विजेची गरज ठरवते. वीजगृह चालले की पाणी सुटते आणि ते थांबले की काही तासांत नदी पुन्हा दगडांवर येते. साधारणपणे हे पाणी सकाळी मिळते, म्हणून राफ्टिंगही सकाळीच, दिवसातून एकदाच होते. त्या तीन-चार तासांच्या आत सगळ्या राफ्ट सुरुवातीच्या ठिकाणाहून, म्हणजे साजे गावाजवळून निघून कामत गावापर्यंत पोहोचल्या पाहिजेत. अंतर सुमारे १२ ते १४ किलोमीटर आहे आणि पाण्यावरचा वेळ दीड ते अडीच तास. तुम्ही तासभर उशिरा पोहोचलात तर नदी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि आयोजकाने मनात आणले तरी तो तुमच्यासाठी पाणी मागवू शकत नाही. म्हणून त्याच दिवशी पुण्याहून निघण्याचा विचार सोडा. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत असले तरी ताम्हिणी घाटातील वळणे, जानेवारीतील पहाटेचा अंधार आणि गाडीत एखाद्याला मळमळ होणे हे सगळे धरले तर साडेतीन तास सहज जातात. शुक्रवारी किंवा शनिवारी दुपारी निघा, रात्री कोलाड परिसरात राहा आणि सकाळी ताजेतवाने होऊन नदीवर जा. आणखी एक, पाणी सुटणार की नाही हे आदल्या संध्याकाळी आयोजकाकडून पक्के करून घ्या. वीजगृहाच्या दुरुस्तीमुळे किंवा अन्य कारणाने पाणी आले नाही तर पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच लेखी घ्यावे.

महिन्याविषयी. तुमच्या गटासाठी जानेवारी उत्तम आहे. पाणी स्वच्छ असते, त्यात दगड दिसतात, आणि सोडलेल्या पाण्यात दोन्ही तीरांवरच्या ओढ्यांची भर पडत नसल्यामुळे प्रवाहाची पातळी साधारण ठरलेली असते. रॅपिडांची, म्हणजे नदीतल्या खळाळत्या उतारांची, प्रतवारी जगभर १ ते ६ अशी करतात. पहिली म्हणजे हलत्या पाण्यावरची किरकोळ लाट आणि सहावी म्हणजे जाणकारांनीही बहुतेक वेळा टाळावी अशी. कुंडलिका या दिवसांत दुसऱ्या ते तिसऱ्या प्रतीत बसते. नवख्या माणसाला घाबरण्याइतके आणि आनंदाने ओरडण्याइतके पाणी त्यात नक्कीच आहे. पावसाळ्यात मात्र तीच नदी दुसरी होते. वीजगृहाच्या पाण्यावर ओढ्यांचे पाणी चढते, रंग मातकट होतो, तळ दिसत नाही आणि झाडांच्या फांद्या, कधी आख्खे खोड वाहून येते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा त्याचा जोर चौपट होतो, हे पदार्थविज्ञानातले साधे गणित नदीत फार कठोरपणे अनुभवाला येते. आधी एक-दोनदा हिवाळ्यात उतरलेल्या, तब्येतीने धडधाकट गटाने पावसाळ्याचा विचार करावा. पोहता न येणाऱ्या दोघींना घेऊन पहिल्याच वेळी जुलैत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोहता येत नसले तरी राफ्टमध्ये बसता येते. खळाळत्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही हातपाय मारून फारसे काही साधत नाही. तेथे माणसाला तारते ते लाइफ जॅकेट आणि शांत डोके. बहुतेक प्रौढांचे डोके पाण्याबाहेर ठेवायला तीन ते पाच किलोंची उचल पुरते आणि चांगले जॅकेट त्याहून अधिक उचल देते. परंतु ते अंगाला घट्ट बसलेले असेल तरच. सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्याला आपल्या जॅकेटचे खांदे धरून जोरात वर उचलायला सांगावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे किंवा आपल्या मापाचे नाही. ते बदलून मागावे आणि मागताना संकोच करू नये. ही चाचणी नऊच्या नऊ जणांची तुम्ही स्वतः करा.

मुलाबद्दल मात्र मी नाहीच म्हणेन. या नदीवर बहुतेक आयोजक १४ वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. बाराच्या मुलाला चालेल असे कोणी म्हणाला, तर त्या एका उत्तरावरूनच तो आयोजक बाजूला ठेवावा. सासूबाईंचा प्रश्न वयापेक्षा गुडघ्यांचा आहे. राफ्टच्या कडेवर बसून पाय आतल्या बाजूला खोवून धरावे लागतात, आणि "खाली बसा" अशी आज्ञा झाली की क्षणात तळाशी बसावे लागते. त्यांच्या डॉक्टरांना नेमके हेच वर्णन करून विचारा.

रोह्याची लेक यांचे उत्तर

वल्हेकरी यांनी पाण्याचे जे सांगितले आहे, ते आम्ही नदीकाठची माणसे लहानपणापासून वेगळ्या अंगाने शिकतो. आमच्या आत्याचे घर नदीच्या वरच्या अंगाला आहे. सकाळी पात्र उघडे असते, खडकांवर बायका धुणे धूत असतात, मधल्या डोहात पोरे मासे बघत असतात. आणि मग वरून पाणी सुटते. ते चित्रपटातल्यासारखे भिंत होऊन येत नाही. आधी फक्त आवाज बदलतो. दगडांमधून टिपटिप वाहणारे पाणी एकसारखे घुमू लागते. मग ज्या दगडावर आपण चप्पल काढून ठेवलेली असते त्याची कोरडी कड ओली होते, आणि पुढच्या पाच-दहा मिनिटांत तो दगड दिसेनासा होतो. आत्या आवाज बदलला की हातातले कपडे तसेच पिळून घेऊन वर यायची; मागे वळून बघायचीही नाही.

हे एवढ्यासाठी लिहिले की राफ्टिंगला येणाऱ्या पाहुण्यांचे अपघात राफ्टमध्येच होतात असे नाही. मंडळी सकाळी लवकर पोहोचतात, नदी उथळ दिसते, छायाचित्रे काढायला पात्राच्या मधल्या खडकापर्यंत चालत जातात आणि परतीची वाट पाण्याखाली जाते. ताई, तुमचा मुलगा राफ्टमध्ये नसणार, म्हणजे तो काठावर असणार. त्याच्यासोबत एक जाणते माणूस पूर्ण वेळ हवे, आणि दोघांनीही पात्रात उतरायचे नाही. सासूबाईंवर त्याला सोपवून बाकी सगळे पाण्यावर गेले, असे करू नका. गुडघे दुखणाऱ्या आजीला धावत्या नातवामागे शेवाळलेल्या दगडांवरून जाता येत नाही.

त्या दोघांसाठी एक चांगला पर्याय आहे. नदीच्या खालच्या अंगाला, जेथे पाणी संथ होते, तेथे लाइफ जॅकेट घालून साध्या कयाकमधून फिरवून आणतात. मुलाला वल्हे हातात मिळते आणि आजींना सावलीतल्या काठावरून तो दिसत राहतो. मात्र येथेही एक विचारून घ्या. कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. त्यातून शेतीच्या कालव्यांना पाणी जाते. बंधाऱ्याच्या वरचे पाणी आरशासारखे शांत दिसते, पण काठोकाठ भरून वाहणाऱ्या कोणत्याही बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी जागच्या जागी उलटे फिरत राहते आणि त्यात सापडलेली वस्तू बाहेर येत नाही. म्हणून कयाक कोठपर्यंत नेतात, हद्द कशी दाखवली आहे आणि पाण्यावर सोबत कोण असतो, हे डोळ्यांनी पाहूनच मुलाला बसवा.

पावसाळ्याचे मनात असेल तर आणखी एक सांगते. रायगड जिल्हा प्रशासनाच्या पावसाळी अहवालात नद्यांच्या पातळ्या येतात. कुंडलिकेची धोक्याची पातळी २३.९५ मीटर धरली जाते. आम्ही रोह्यात तो आकडा जुलै-ऑगस्टमध्ये रोज बघतो. नदीवर मौजेला येणाऱ्यानेही निघण्यापूर्वी तो एकदा बघायला हवा.

रस्त्याचे म्हणाल तर ताम्हिणी उतरून विळ्याला आलात की तेथून कोलाडचा रस्ता धरावा. पनवेल-पेणमार्गे मुंबई-गोवा महामार्गाने येण्याची पुणेकरांना गरज नाही.

गुडघ्याखालचा व्रण यांचे उत्तर

मी एकच अनुभव लिहितो, कारण आयोजक कसा ओळखावा या प्रश्नाचे माझे उत्तर त्यातच आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही कचेरीतील चौदा जण अशाच एका नदीवर गेलो होतो. आयोजकाचे नाव आणि नदीचे नाव लिहिणार नाही. सकाळी आम्हाला उशीर झाला होता आणि पाणी उतरायच्या आत राफ्ट सोडायच्या घाईत सूचनांचे पंधरा-वीस मिनिटांचे सत्र तीन मिनिटांत उरकले गेले. जॅकेटचा खालचा पट्टा तुटलेला होता. मी तो दाखवला तेव्हा "चालतंय हो, पाणी कमीच आहे" असे उत्तर मिळाले. पाणी कमी होते हे खरेच होते.

चौथ्या रॅपिडला राफ्ट खडकावर तिरकी चढली आणि मी बाहेर फेकला गेलो. जॅकेट वर सरकून हनुवटीला लागले, नाकातोंडात पाणी गेले आणि पायाखाली तळ लागताच मी जे कोणीही करेल तेच केले. मी उभा राहिलो. पाणी कमरेएवढेच होते. उजवा पाय दोन दगडांच्या फटीत गेला, पाठीमागून प्रवाहाने मला पुढे ढकलले आणि मी अडकलेल्या पायावर तोंडावर आपटलो. कमरेएवढ्या पाण्यात माणूस गुदमरू शकतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. मागच्या राफ्टमधील मार्गदर्शकाने वरच्या खडकावर उतरून दोरीची पिशवी (फेकली की जिच्यातली दोरी उलगडत जाते) फेकली आणि तिघांनी ओढून धरले तेव्हा पाय निघाला. नडगीला नऊ टाके पडले, आणि थंडीत तो पाय आजही दुखतो.

म्हणून आयोजकाला मी आता दर विचारण्यापूर्वी दुसऱ्याच गोष्टी विचारतो. राफ्ट किती असतील आणि त्यांच्यासोबत, पाण्यात पडलेल्याला उचलायला, एकट्याने चालवायची सुरक्षा कयाक असते का? असे विचारले की जो खरा असतो तो कयाकवाल्याचा अनुभव किती वर्षांचा आहे हेही आपणहून सांगतो. मार्गदर्शकांनी नदीतील बचाव आणि प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण कोठे घेतले आहे? एका राफ्टमध्ये किती जण बसवता? महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यात आयोजकांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था आहे. ते नोंदणीपत्र पाहायला मागणे हा आपला हक्क आहे. कागद दाखवायला जो कुरकुर करतो त्याच्याकडे जाऊ नये. पण कागदावरही थांबू नका. प्रत्यक्ष ठिकाणी गेल्यावर सूचनांचे सत्र उभ्या-उभ्या उरकले जात असेल, जॅकेटांचे पट्टे तुटलेले असतील किंवा हेल्मेट डोक्यावर गोल फिरत असेल, तर पैसे बुडाले तरी चालतील, परत फिरा. मी त्या तुटक्या पट्ट्याच्या वेळी परत फिरायला हवे होते.

आणि पाण्यात पडल्यावर काय करायचे ते घरी गादीवर झोपून पाठ करून जा. पाठीवर उताणे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटे पाण्याबाहेर दिसतील अशी, दोन्ही हात बाजूला पसरलेले. दगड आला तर तो तळव्याने ढकलायचा. पाणी गुडघ्याच्या खाली येईपर्यंत उभे राहायचे नाही. दोरीची पिशवी आली तर दोरी छातीशी धरून खांद्यावरून घ्यायची, हाताला गुंडाळायची नाही. प्रवाहात आडवे पडलेले झाड दिसले तर मात्र हा उताणेपणा सोडून जीव खाऊन त्याच्यापासून दूर पोहायचे, कारण फांद्यांमधून पाणी गाळणीतून जावे तसे निघून जाते आणि माणूस अडकतो.

कोथरूडकर

आपण तिघांनीही इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार मानावे तेवढे थोडेच. काल रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. गुडघ्याखालचा व्रण यांचा अनुभव ऐकल्यावर जाऊबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की उभे राहायचे नाही एवढे कळले तर मी येते. आता दोन शंका उरल्या आहेत. धाकट्या दिरांचा कयाकचा हट्ट अजून सुटलेला नाही. ते उत्तम पोहतात आणि त्यामुळे आपल्याला जमेल असे त्यांना वाटते. आणि अंगावर काय घालावे, सोबत काय घ्यावे?

एडीत विसावलेला यांचे उत्तर

दिरांच्या हट्टाबद्दल मला आपुलकी वाटते, कारण माझीही सुरुवात तशीच झाली. पण त्यांना पुढील गोष्ट समजावून सांगा. संथ पाण्यावर पर्यटकांना देतात ती कयाक आणि खळाळत्या पाण्यातली कयाक या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. पहिलीच्या वर आपण बसतो. उलटली तर पाण्यात पडतो आणि पुन्हा चढतो. दुसरीच्या आत आपण कमरेपर्यंत शिरतो आणि कमरेभोवतीचा रबरी पडदा तिच्या तोंडाच्या काठावर ताणून बसवतो, म्हणजे आत पाणी येत नाही. ती उलटली की आपण डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत पाण्याखाली बंदिस्त असतो. तेव्हा दोनच वाटा असतात. पडद्याची पुढची ओढपट्टी खेचून बाहेर निघणे, किंवा वल्ह्याचा आणि कमरेचा झोका एकत्र साधून कयाकसह पुन्हा सरळ होणे, ज्याला रोल म्हणतात. पोहता येण्याचा या दोन्हींत फार थोडा उपयोग आहे. उलटे लटकलेले असताना नाकात पाणी शिरते, कानात घुमते, वर-खाली कळत नाही. आणि अशा वेळी हाताने ती ओढपट्टी अंधारात शोधायची असते. मी पहिल्यांदा तरणतलावात शिकलो तेव्हा शिक्षक शेजारी छातीभर पाण्यात उभे होते, तळाच्या फरश्या स्पष्ट दिसत होत्या, तरीही मी ओढपट्टी सोडून काठच खेचत बसलो. हेच तिसऱ्या प्रतीच्या रॅपिडमध्ये झाले असते तर काय झाले असते, हा विचार मला अजून येतो.

शिकण्याचा क्रम ठरलेला आहे आणि त्यातली पायरी गाळता येत नाही. आधी संथ पाण्यात सरळ वल्हवणे आणि बाहेर निघणे, मग रोल, मग पहिल्या-दुसऱ्या प्रतीच्या वाहत्या पाण्यात एडी ओळखणे. मोठ्या दगडाच्या मागे पाणी उलटे वळून शांत होते, त्या जागेला एडी म्हणतात. तेथे शिरायचे, थांबायचे, पुढचा उतार न्याहाळायचा आणि मगच निघायचे. कयाक चालवणारा नदी अशी तुकड्यातुकड्याने उतरतो, घसरगुंडीसारखी एका दमात नव्हे. ऋषिकेशला गंगेवर चार-पाच दिवसांचे प्राथमिक वर्ग चालतात, ते दिरांनी करावेत. गंगेवर सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत हंगाम असतो, जुलै-ऑगस्टमध्ये बंदी असते. आणि ब्रह्मपुरी, शिवपुरी, मरीन ड्राइव्ह, कौडियाला अशा वाढत्या टप्प्यांमुळे सोप्याकडून अवघडाकडे जाता येते. कौडियालाखालच्या द वॉल या चौथ्या प्रतीच्या रॅपिडला तर जुने मार्गदर्शकही काठावर उतरून, पाणी पाहून मग राफ्ट घालतात. आपल्याकडे त्यानंतर गोव्यात सत्तरी तालुक्यातील म्हादई आहे, जिच्यावर केवळ पावसाच्या पाण्यावर राफ्टिंग चालते, आणि दांडेलीजवळ गणेशगुडीची काळी नदी आहे, जी कुंडलिकेसारखीच सुपा धरणाच्या सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते. या खेपेला मात्र दिरांनी राफ्टमध्ये पुढच्या बाजूला बसावे. पुढचे दोघे वल्ह्याचा ताल धरतात आणि मागचे त्यांच्याकडे पाहून वल्हवतात. बसल्या जागेवरून नदी वाचायची सवयही त्यांना तेथेच लागेल. दुपारी पुतण्यासोबत संथ पाण्यात कयाक घ्यावी.

कपड्यांचे थोडक्यात सांगतो. जीन्स आणि जाड सुती कपडे नकोत. भिजले की जड होतात आणि जानेवारीच्या सकाळी अंग गारठवतात. लवकर वाळणारी पँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, आणि टाचेमागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट चालतील, चप्पल नको. साडी, ओढणी, सैल सलवार राफ्टमध्ये नको. अंगठ्या, मंगळसूत्र, घड्याळ, मोबाइल मुक्कामीच ठेवावेत. चष्म्याला दोरी बांधावी. निघण्यापूर्वी पोहे-केळे एवढाच हलका नाश्ता करावा, आणि आदल्या रात्री मंडळींपैकी कोणाचा मद्याचा बेत असेल तर तो नदीनंतरच्या रात्रीवर ढकलावा. कोरडे कपडे गाडीत नव्हे, राफ्ट जेथे संपते त्या कामतच्या बाजूला पोहोचतील अशी सोय करा. ओल्या अंगाने उघड्या जीपमधून परतताना जी हुडहुडी भरते ती पाण्यातही भरत नाही.

वल्हेकरी यांची पुरवणी

वल्ह्याबद्दल एक राहिले. प्रत्येक वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टीच्या आकाराची मूठ असते. एक हात त्या मुठीवरून कधीही सुटता कामा नये. राफ्टमधील बहुतेक जखमा पाण्याने होत नाहीत, शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीने होतात; दात आणि नाक ही तिची नेहमीची ठिकाणे. मार्गदर्शकाच्या आज्ञा इंग्रजीत असतात. "फॉरवर्ड", "बॅक", "स्टॉप", "गेट डाउन", "होल्ड ऑन" या पाच ऐकताक्षणी अंगात भिनल्या पाहिजेत. जाऊबाईंना आणि तुम्हाला मधल्या जागा द्यायला सांगा आणि तुम्हा दोघींना एकाच बाजूला बसवू नका.

कोथरूडकर

ठरले. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी निघतो, मुक्काम कोलाडला, रविवारी सकाळी नदी. राफ्टमध्ये सहा जण बसू. सासूबाईंच्या डॉक्टरांनी राफ्टला नकार दिला आणि त्यांनी तो फार समंजसपणे घेतला. त्या, मुलगा आणि नणंद काठावर राहतील. नणंदेने स्वतःहून सांगितले की मुलाचा हात मी सोडणार नाही. तीन आयोजकांना फोन केले. सुरक्षा कयाकचे विचारल्यावर एकाने विषय बदलला, दुसऱ्याने बाराच्या मुलाला "बघू" म्हटले. तिसऱ्याने मुलाला स्पष्ट नकार दिला, नोंदणीपत्राचे छायाचित्र पाठवले आणि पाणी न सुटल्यास तारीख बदलून देण्याचे लिहून दिले. त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरली आहे. धाकटे दीर ऋषिकेशच्या वर्गाची चौकशी करत आहेत. काल संध्याकाळी दिवाणखान्यात गादी टाकून आम्ही सहाही जण उताणे झोपलो, पाय पुढे, बोटे वर. मुलगा प्रत्येकाच्या पायाशी जाऊन बोटे दिसतात की नाही ते तपासत होता.